पेटी उघडून टोक बघा

मानेकाकांनी आयुष्यात एकदाच न बघता सही केली, आणि ती माझ्या शब्दावर केली. हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर मी नेहमीसारखा त्यांचे गमतीदार किस्से सांगत बसेन, तुम्हाला हसवेन, आणि मूळ गोष्ट शेवटी कुठेतरी पुटपुटून मोकळा होईन. आमच्या इथल्या मराठी मित्रमंडळींना काकांचे किस्से माझ्याच तोंडून ऐकून पाठ झालेत. शेवट मात्र मी कुणालाच सांगितलेला नाही, बायकोलासुद्धा नाही.

माझं आडनाव पाटणकर. दुबईत अल क्वोजमधल्या एका मेंटेनन्स कंपनीत मी प्रोक्युअरमेंट बघतो, म्हणजे कंपनीला जे जे लागतं ते विकत घेतो. नळाच्या वॉशरपासून जनरेटरपर्यंत सगळं. मानेकाका आमच्या वेअरहाऊसला स्टोअरकीपर म्हणून आले तेव्हा छप्पन वर्षांचे होते. मूळ गाव कऱ्हाडजवळचं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी पुण्याकडच्या एका सरकारी दारूगोळा कारखान्यात काढली, तीही तपासणी खात्यात. "गोळी बनवायची न्हाई, उडवायची न्हाई, फक्त बघायची," असं ते आपल्या नोकरीचं वर्णन करत. रोज हजारो काडतुसं त्यांच्या नजरेखालून जायची. त्यातलं एखादं चुकार काडतूस ते हाताच्या स्पर्शाने बाजूला काढायचे म्हणे. आम्ही आधी हसलो. मग एकदा त्यांनी स्क्रूच्या पेटीत हात घालून, छताकडे बघत, दुसऱ्या मापाचे तीन स्क्रू काढून दाखवले.

वेअरहाऊसमध्ये त्यांनी आल्या आल्या कारखान्याचा कायदा लावला. आलेला प्रत्येक माल उघडून बघायचा, लेबल शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं, मगच खोक्यावर निळ्या पेन्सिलीने लिहायचं: 'पाहिलं. माने.' मराठीतच. आमच्याकडे मल्याळी, पाकिस्तानी, फिलिपिनो सगळे, पण हळूहळू सगळ्यांना तेवढी मराठी अक्षरं ओळखता यायला लागली. डिलिव्हरीचे ड्रायव्हर बाहेर उन्हात ताटकळायचे आणि वैतागून घाई करायचे, "यल्ला माने साब, यल्ला!", म्हणजे चला, आटपा. काका चष्म्यावरून बघत म्हणायचे, "यल्ला-बिल्ला काय न्हाई. पहले पेटी खोलो." वाचल्याशिवाय सही न्हाई, हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून दहा वेळा तरी निघायचं. चहाच्या कागदी कपावर काय छापलंय तेही ते वाचायचे, खोटं सांगत नाही.

एकदा शुक्रवारी मी त्यांना शारजाच्या घरी जेवायला बोलावलं. मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, मुद्दाम भरली वांगी केली होती. काका हात धुवायला म्हणून आत गेले ते येईनात. बघतो तर स्वयंपाकघरात उभे राहून फ्रिजवरचं औषधांचं खोकं वाचत होते. माझी मुलगी ईरा तेव्हा आठवीत होती. ती हसून लोळायला लागली, "बाबा, अंकल रीड्स एव्हरीथिंग!" काकांनी एक बाटली उचलून मेधाच्या हातात दिली. ईराच्या खोकल्याचं औषध, मुदत संपून सात महिने झालेलं. आदल्या आठवड्यातच आम्ही तिला ते पाजलं होतं. मेधा शरमली. काका म्हणाले, "असू द्या वहिनी. घरात आपण विश्वासावर असतो. विश्वासानं डोळं झाकतात, दुसरं काय." मग मांडी घालून बसले आणि चार वांगी खाल्ली.

आता फार्मचं सांगतो. फुजैराला पोचण्याआधी डोंगरांच्या आत एका बड्या माणसाचं फार्म होतं. त्याचं नाव इथे नको, आम्ही त्याला 'अरबाब'च म्हणायचो, म्हणजे मालक. तिथे हुबारा नावाचे पक्षी वाढवत. आपल्या माळढोकाचा लहान भाऊ म्हणा. अंड्यातून पिल्लू काढायचं, वाढवायचं, मग रानात सोडायचं, असं ते काम. मेंटेनन्स आमच्याकडे. आणि कोल्ह्यांनी तिथे उच्छाद मांडला होता. कुंपणाखालून उकरून आत यायचं, एक खायचं आणि दहा मारून ठेवायचं.

"कोल्हा नव्हं ओ, खोकड हाय हे," जाळीचं सामान घेऊन माझ्याबरोबर आलेल्या काकांनी पहिल्याच भेटीत पावलांचे ठसे बघून दुरुस्त केलं. "कोल्हा मोठा असतो. हे बघा पाऊल, मांजराएवढं." कारखान्यात जाण्याआधी ते शेतकऱ्याच्या घरात वाढलेले, त्यांना हे कळायचं. त्यांनी आधी बंदुकीचं नावच काढू दिलं नाही. कुंपणाची जाळी दोन फूट जमिनीत पुरायला लावली, मेलेली पिल्लं उघड्यावर टाकणं बंद केलं, खाद्याच्या शेडला दार लावलं. खोकडं निम्म्याहून कमी झाली. पण दोन-तीन अशी होती की ती कुंपण चढून यायला शिकली होती. शेवटी अरबाबने रीतसर परवानगी काढली. रायफल त्याच्या परवान्यावर, आणि चालवणार सालेम. सालेम हा फार्मचा जुना राखणदार, पन्नाशीचा, कमी बोलणारा, डोंगरातच वाढलेला. कोणती रायफल आणि कोणती गोळी घ्यायची, हे ठरवायची मीटिंग फार्मवरच्या केबिनमध्ये झाली. ती मीटिंग मी कधी विसरणार नाही.

अरबाबच्या धाकट्या मुलाला सगळ्यात मोठी रायफल हवी होती, हरणं मारायची. सालेमला हवी होती त्याच्या लहानपणची पॉइंट टू-टू, आवाज कमी म्हणून. मला हवी होती जी कॅटलॉगमध्ये स्टॉकला दिसेल ती. काकांनी टेबलावर तीन नमुन्याची काडतुसं ओळीने उभी केली आणि आपल्या कारखानी हिंदीत सुरू झाले.

"खोकड का वजन कितना? तीन किलो. बिल्ली समझो. ये छोटी गोली, अस्सी मीटर के आगे इसमें ताकत नहीं. खोकड मरेगा नहीं, घायल होके बिल में जाएगा, चार दिन तडपेगा. ये बडी गोली, खोकड के आरपार जाएगी और फिर भी दो किलोमीटर चलेगी. पीछे कौन है? लेबर कॅम्प है. रोड है." मग त्यांनी मधलं काडतूस पुढे सरकवलं. टू-टू-थ्री. "ये बराबर. लेकिन सिर्फ कॅलिबर बोलने से नहीं होता, साब. गोली का टोक देखना पडता है."

आणि मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "हे तुम्ही ऐका पाटणकरसाहेब, कारण खरेदी तुम्ही करणार." एकाच मापाच्या दोन गोळ्या त्यांनी माझ्या तळहातावर ठेवल्या. एकीचं टोक करड्या शिशाचं, उघडं. दुसरी टोकापासून बुडापर्यंत तांबूस. "ही करडी मऊ असते. लागली की आतल्या आत फुटते, जनावर तिथंच बसतं. चुकून दगडाला लागली तरी बहुतेक वेळा तुकडं होऊन संपते. ही तांबडी पुऱ्या कवचाची. ही फुटत न्हाई. आरपार जाते, दगडावरनं उडी मारते, कुठं जाईल सांगता येत न्हाई. आणि हितं तर सगळा दगडच हाय." मी विचारलं, दोन्हींचं वजन सारखंच का? "सारखं. पंचावन्न ग्रेन. एक ग्रेन म्हणजे अर्धी गुंज धरा. माप तेच, वजन तेच, खोक्यावरचा नंबरबी तोच. म्हणून सांगतो, पेटी उघडून टोक बघा."

मी मान डोलावली. मला सगळं समजलं होतं. समजलं नव्हतं असं म्हणायची सोय काकांनी मला ठेवलेली नाही.

पुढचा महिनाभर त्यांनी सालेमला कागदी निशाणावर बसवलं. शंभर मीटरवर पाच गोळ्या बेसनाच्या एका लाडवाएवढ्या जागेत बसल्या पाहिजेत, तोवर खोकडावर एकही नाही. एका घाण्यातली, म्हणजे एका वेळी बनलेली, काडतुसं दुसऱ्या घाण्यात मिसळायची नाहीत, हा आणखी एक कायदा. डोंगराच्या दगडांवर चुन्याने खुणा केल्या: या खुणेच्या डावीकडे गोळी झाडायची नाही. पिल्लांना दाणा घालणारा रफीक सकाळी फटफटायलाच कामावर यायचा. त्याच्यासाठी खाद्याच्या शेडमागे जागा ठरवून दिली, सालेम बसलेला असेल तेव्हा त्याने तिथेच उभं राहायचं. सालेमसारखा माणूस, पण तोही काकांना "उस्ताद" म्हणायला लागला.

पहिलं खोकड पडलं तेव्हा मी तिथे होतो. पहाट उजाडली होती, समुद्राकडून थोडा गारवा. एकच आवाज झाला आणि ते कुंपणापाशी जागच्या जागी बसलं. सालेम खुशीत म्हणाला, "खलास!" काका चालत गेले. मी मागे. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि बराच वेळ त्या एवढ्याशा जनावराकडे बघत राहिले. मोठाले कान, वाळूच्या रंगाची शेपटी. "अठ्ठावीस वर्षं गोळ्या तपासल्या साहेब," ते म्हणाले, "गोळी लागलेला जीव आज पहिल्यांदा बघितला." थोड्या वेळाने म्हणाले, "त्याला कळलं न्हाई. एवढं तरी बरं झालं." त्या दिवशी दुपारी ते जेवले नाहीत. डबा मला दिला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. तीन आठवड्यांची रजा. काका निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्यापाशी गेलो. काडतुसं संपत आली होती आणि नवी ऑर्डर द्यायची होती. आमच्या सिस्टिममध्ये असा माल फार्मवर पाठवायचा तर त्याला 'तांत्रिक तपासणी झाली' असा कागद जोडावा लागतो, आणि त्यावर सही करणारा माणूस एकच, माने.

"काका, तुम्ही नसताना माल आला तर अडून बसेल," मी म्हटलं. "एक कागद सही करून ठेवा ना."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "कोरा?"

"अहो, काय काका! माझ्यावर विश्वास नाही का?"

हे वाक्य मी किती सहज बोललो! घरी ईराला चॉकलेट नाकारताना जितका विचार करतो तितकाही केला नाही. काकांनी पेन काढलं, परत खिशात घातलं, परत काढलं. मग सही केली. "अठ्ठावीस आणि हितली तीन, एकतीस वर्षांत पहिल्यांदा करतोय," ते म्हणाले. "पेटी आली की उघडा, टोकांचा फोटो काढा, मला पाठवा. मी लग्नाच्या मांडवात असलो तरी बघंन. मी हो म्हटलं की मगच हा कागद लावायचा." मी म्हटलं, "एकदम पक्कं."

माल यायच्या वेळेला गडबड उडाली. अरबाब स्वतः पाहुण्यांना घेऊन फार्म बघायला येणार होता आणि त्याच आठवड्यात एका खोकडाने अकरा पिल्लं मारली. मॅनेजर माझ्या डोक्यावर बसला. सप्लायर म्हणाला, तुम्हाला हवा तो माल यायला तीन आठवडे, पण सेम कॅलिबर, सेम वेट रेडी स्टॉकमध्ये आहे, "सेम सेम, हबीबी." कोटेशनवर एक शब्द होता, 'इक्विव्हॅलंट', म्हणजे समतुल्य. प्रोक्युअरमेंटमध्ये हा शब्द आम्ही दिवसातून वीस वेळा वापरतो. त्यावर माझं अर्धं करिअर उभं आहे. मी ओके केलं.

पेटी आली त्या दिवशी काकांचा मेसेज आला: 'पेटी आली का? टोकं बघितली का?' त्या दिवशी त्यांच्या मुलीची हळद होती. माझ्या टेबलावर पेटी होती, सील न तोडलेली. कटर शेजारच्या खणात होता. उघडायला किती वेळ लागला असता? एक मिनिट. मी लिहिलं: 'हो काका, सगळं ओके. तुम्ही लग्न एन्जॉय करा. वधूला आशीर्वाद.' वर दोन फुलं टाकली. मग कोरा कागद भरला, पेटीला जोडला आणि गाडी फुजैराकडे रवाना केली. मला त्या क्षणी वाटत होतं की मी काकांना लग्नात त्रास दिला नाही, चांगलंच केलं. खरंच असं वाटत होतं, आणि याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

चौथ्या दिवशी पहाटे सालेमने खोकडावर गोळी झाडली. दिशा बरोबर, चुन्याच्या खुणेच्या आत, अंतर बरोबर. गोळी खोकडाच्या आरपार गेली, मागच्या दगडावर आपटली आणि उसळून शेडच्या पत्र्यातून रफीकच्या मांडीत घुसली. रफीक काकांनी ठरवून दिलेल्या जागीच उभा होता.

तो वाचला. हे लगेच सांगतो, मलाही हे लगेच ऐकायचं होतं. पण आजही तो पाय ओढत चालतो. खोकड पळालं होतं. ते दोन दिवसांनी पाण्याच्या टाकीमागे सापडलं, वासावरून.

मी काकांना फोन केला. मागे सनईची रेकॉर्ड वाजत होती, पाहुणे अजून घरात होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रफीक कुठं उभा होता?"

"तुम्ही सांगितलेल्या जागी."

"टोक कसं होतं, साहेब?"

मी म्हटलं, "काका, आवाज नीट येत नाहीये." आणि फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

पोलीस येऊन गेले, परवाना, दिशा, सगळं तपासलं, अपघात म्हणून नोंद झाली. कंपनीची चौकशी वेगळी होती. काका रजा अर्धी टाकून परत आले. विमानतळावरून रूमवरही गेले नाहीत, बॅग घेऊन थेट फार्मवर, तिथून हॉस्पिटलमध्ये. रफीकने मला नंतर सांगितलं, माने साब पलंगाशेजारी दोन तास बसले आणि त्याची सगळी औषधं एकेक करून वाचली.

चौकशीच्या दिवशी मीटिंग रूमबाहेर ते मला भेटले. दाढी वाढलेली, हाताला लग्नातली हळद अजून थोडी पिवळी. त्यांनी मला काही विचारलं नाही, जाब मागितला नाही. एवढंच म्हणाले, "पाटणकरसाहेब, आत तुम्ही बोलाल ना?"

"बोलतो काका. अर्थात."

आत मॅनेजर, एचआरची बाई, आम्ही दोघे. टेबलावर उरलेल्या काडतुसांची उघडी पेटी, सगळी टोकं तांबडी, आणि तो कागद. मॅनेजरने कागद काकांसमोर ठेवला. "इज धिस युअर सिग्नेचर?"

काकांनी तो वरून खालपर्यंत वाचला. अर्थातच वाचला. "सही माझी हाय," ते म्हणाले, मग हिंदीत तेच सांगितलं. "लेकिन ये पेटी मैंने देखी नहीं."

"देखी नहीं तो साइन क्यों किया?"

आणि काकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. डिलिव्हरीचा ड्रायव्हर पेटी उघडेपर्यंत ते जसे शांत थांबायचे तसे थांबले होते. मी समोरच्या फाइलचं पान उलटलं. मग आणखी एक उलटलं. त्यात काही नव्हतं, जनरेटरच्या फिल्टरची बिलं होती. माझ्या डोक्यात काय काय चाललं होतं ते सगळं आठवतं: ईराची दहावी, घराचं काँट्रॅक्ट, माझा व्हिसा गेला की तिघांचे व्हिसा जाणार, गोळी कुठलीही असती तरी उसळली असती कदाचित, काकांनीच 'बहुतेक वेळा' म्हटलं होतं, 'नेहमी' म्हटलं नव्हतं. मॅनेजरने मला विचारलं, "पाटणकर, एनिथिंग फ्रॉम युअर साइड?"

मी म्हटलं, "अ‍ॅज पर प्रोसिजर, टेक्निकल अप्रूव्हल होतं म्हणून माल पुढे गेला."

एक शब्द खोटा नव्हता त्यात. मला हे वाक्य इतकं छान जमलं याचं आजही आश्चर्य वाटतं.

काकांच्या खिशात फोन होता. त्यात माझा मेसेज होता, दोन फुलांसकट. मी माझ्या फोनमधून तो आदल्याच रात्री पुसून टाकला होता, पण त्यांच्याकडे होता. तो टेबलावर ठेवला असता तर त्या खोलीतून मी बाहेर गेलो असतो. त्यांचा हात एकदा खिशापाशी गेला. मला ते दिसलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बिना देखे साइन किया, ये मेरी गलती है."

त्यांनी असं का केलं मला माहीत नाही. माझ्यावर उपकार म्हणून नसावं, ते माझं काही देणं लागत नव्हते. मला वाटतं, त्यांना ते खरंच वाटत होतं. एकतीस वर्षांत एक कायदा पाळला, एकदा मोडला, रफीकच्या मांडीत गोळी गेली. त्यांच्या हिशेबी माझी चूक वेगळी होती, ती मी सांगायची होती. त्यांनी मला त्यासाठी जागा करून दिली होती, वेळही दिला होता.

त्यांना काढलं. घरी मेधाने विचारलं, "मानेकाकांना का रे काढलं? तू काही बोलला नाहीस?" मी म्हटलं, "कंपनीची पॉलिसी, आपल्या हातात काही नसतं." ईरा टीव्हीवरची नजर न हटवता म्हणाली, "बट ही चेक्स एव्हरीथिंग." मी तिला उगाचच ओरडलो, अभ्यासाला बस म्हणून.

इथे नोकरी सुटली की माणसाला एक क्लिअरन्स फॉर्म घेऊन सगळ्या डिपार्टमेंटमधून फिरावं लागतं. प्रत्येकाने सही करायची की या माणसाकडे आमचं काही राहिलं नाही. शेवटची सही प्रोक्युअरमेंटची, कारण स्टोअर आमच्याखाली येतं. ते दुपारी साडेतीनला माझ्या टेबलापाशी आले. नेहमीचाच बाह्या दुमडलेला शर्ट, खिशाला निळी पेन्सिल. मी उठलो, खुर्ची दिली, चहा मागवू का विचारलं. "नको," ते म्हणाले आणि फॉर्म समोर ठेवला.

मी पेन काढून थेट सही करायला वाकलो. सही करून संपवायचं होतं मला, बस.

"वाचा आधी," काका म्हणाले.

मी वाचलं. नाव, पद, रुजू झाल्याची तारीख. खाली 'नोकरी समाप्तीचं कारण' अशी एक ओळ होती, आणि त्यात लिहिलं होतं: तांत्रिक तपासणीत निष्काळजीपणा.

"सगळं वाचलंत?"

"वाचलं."

"बरोबर हाय?"

ऑफिसमध्ये पाच-सहा माणसं होती, एसीचा आवाज होता, कुणाचा तरी फोन वाजत होता. मॅनेजरची केबिन पंधरा पावलांवर, दार उघडं. एवढंच चालायचं होतं मला. काका उभे होते. त्यांना कसली घाई नव्हती.

मी सही केली.

त्यांनी फॉर्म स्वतःकडे वळवला, माझी सही बघितली, आणि बोट ठेवून परत माझ्याकडे सरकवला. "तारीख राहिली," ते म्हणाले.

मी तारीख घातली. ते म्हणाले, "येतो. वहिनींना नमस्कार सांगा. पोरीला म्हणावं, दहावीचा पेपर दोनदा वाचायचा." आणि गेले.

मी काचेतून बघत होतो. ते गेटपाशी गेले, तिथे वॉचमनच्या छपराखाली थांबले, आणि तो फॉर्म उघडून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. शेवटी, माझ्या सहीशी, जरा जास्त वेळ थांबले. मग नीट घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला आणि बसस्टॉपच्या दिशेने रस्ता ओलांडला.